नाट्यपदावरील ‘चाल’ची ओळ आणि विस्मृत संगीतरचनाकार

प्रस्तावना

मराठी संगीत नाटकाचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांतून प्रामुख्याने मराठी विभागात होते. तेथे नाटकाची संहिता वाचली जाते. कथानक, व्यक्तिचित्रण, संवाद आणि सामाजिक आशय यांची चर्चा होते. पदांचा विचार झालाच तर तो काव्य म्हणून होतो. पदाच्या शिरोभागी बारीक टाइपात छापलेली ‘चाल’ ही ओळ मात्र शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही ओलांडून पुढे जातात. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुर्लक्षित ओळ आहे. नाट्यपदांच्या मूळ संगीतरचनाकारांपर्यंत पोहोचण्यासाठी छापील स्वरूपात उपलब्ध असलेला तो सर्वांत महत्त्वाचा दुवा होय. जुन्या, जीर्ण नाट्यपुस्तिका ग्रंथालयांतून निर्लेखित होत असताना तो दुवाही आपल्या हातून निसटत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत ‘संगीतकार’ हा शब्द गाणारा-वाजवणारा आणि रचना करणारा अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. प्रा. बा. र. देवधर यांच्या ‘थोर संगीतकार’ या प्रसिद्ध ग्रंथात प्रामुख्याने गायक-वादकांची चरित्रे आहेत, हे या संदर्भात लक्षात घ्यावे. ‘संगीत दिग्दर्शक’ हा शब्द रुळला तो बोलपटांच्या काळात. तत्पूर्वीच्या रंगभूमीवर ‘चाली देणारा’ एवढाच उल्लेख होत असे. ज्या कार्याला स्वतंत्र नावच नव्हते, ते करणाऱ्यांची नावे मागे राहिली यात नवल नाही. या लेखात ‘रचनाकार’ हा शब्द स्वररचना करणारा या मर्यादित अर्थाने योजला आहे.

युरोपातील एक समांतर उदाहरण

हा प्रश्न केवळ मराठी रंगभूमीचा नाही. युरोपीय संगीताच्या इतिहासात साधारणतः १७५० ते १८२० हा ‘अभिजात कालखंड’ मानला जातो. सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली बहुधा तीन किंवा चार खंडांची दीर्घ रचना, याच काळात प्रतिष्ठित झाली. सामान्य वाचकास या काळातील हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हेन ही तीन नावे ठाऊक असतात. जान लारू या अमेरिकन संशोधकाने अठराव्या शतकातील सिंफनींची जी सूची तयार केली, तिच्यात मात्र सोळा हजारांच्या आसपास नोंदी आहेत. हायडनच्या क्रमांकित सिंफनी १०४ आणि मोझार्टच्या सुमारे चाळीस. दोघांच्या मिळून या सूचीचा शंभरावा भागही भरत नाही. उर्वरित रचना दरबारांसाठी, मठांसाठी, सरदारांच्या वाड्यांवरील वाद्यवृंदांसाठी लिहिल्या गेल्या, हस्तलिखित प्रतींतून वाजविल्या गेल्या आणि पुढे दप्तरांत पडून राहिल्या.

त्यांचे कर्ते सामान्य कुवतीचे होते असे मानण्याचे कारण नाही. योहान बाप्टिस्ट व्हानहाल (१७३९–१८१३) हा बोहेमियातील भूदास कुटुंबात जन्मला, पुढे त्याने पैसे भरून स्वतःची मुक्तता करून घेतली आणि व्हिएन्नात त्याच्या सिंफनींना मोठी मागणी आली. योझेफ मार्टिन क्राउस (१७५६–१७९२) हा मोझार्टच्याच वर्षी जन्मला आणि त्याच्यानंतर एका वर्षाने वारला. स्टॉकहोमच्या दरबारी असलेल्या या रचनाकाराची सी मायनरमधील सिंफनी ऐकली असता, कीर्ती आणि गुणवत्ता यांचे प्रमाण नेहमीच समान नसते याची खात्री पटते. मारियाना मार्टिनेस (१७४४–१८१२) या व्हिएन्नाच्या विदुषीने १७७० मध्ये सिंफनी रचली. त्या काळी स्त्रीने सिंफनी रचणे अपवादात्मक होते आणि संगीताच्या प्रचलित इतिहासग्रंथांत तिला स्थान मिळण्यास फार काळ जावा लागला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक बाब निराळी आहे. लहान नावे नुसती विसरली जात नाहीत. मोठी नावे त्यांना गिळून टाकतात. पॅरिसच्या एका प्रकाशकाने १७७७ मध्ये हायडनच्या नावे सहा चतुष्टके, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, प्रसिद्ध केली. ती दीर्घकाळ हायडनची म्हणूनच लोकप्रिय राहिली. १९६४ मध्ये संशोधकांनी ती रोमान होफस्टेटर या बेनेडिक्टाइन साधूची असल्याचा पुरावा पुढे आणला. मोझार्टची म्हणून क्रमांक दिली गेलेली सदतिसावी सिंफनी वस्तुतः हायडनचा धाकटा बंधू मिखाएल हायडन याची आहे. मोझार्टने १७८३ च्या सुमारास तिला केवळ प्रास्ताविक जोडले होते. ही गोष्ट १९०७ मध्ये उघड झाली. म्हणूनच आज मोझार्टच्या सिंफनींच्या यादीत छत्तीसनंतर एकदम अडतीस येते.

अशा चुका दुरुस्त झाल्या त्या एका साध्या साधनामुळे. लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ या प्रकाशनसंस्थेने १७६२ पासून १७८७ पर्यंत विक्रीसाठी असलेल्या संगीताच्या सूची छापल्या. त्यांत प्रत्येक रचनेपुढे कर्त्याचे नाव आणि रचनेच्या आरंभीचे काही स्वर स्वरलिपीत दिलेले असत. हेतू केवळ व्यापारी होता. पण एकच आरंभ दोन निरनिराळ्या नावांखाली आढळला की संशय घेता येऊ लागला. वाण्याच्या यादीने इतिहासकाराचे काम केले, असे म्हटले तरी चालेल.

मराठी नाट्यपुस्तिकांतील ‘चाल’ ही ओळ याच जातीची आहे. फरक इतकाच की तेथे आरंभीचे स्वर छापले जात, येथे मूळ गीताचे आरंभीचे शब्द छापले जातात.

चालीची ओळ काय सांगते?

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यापाठोपाठ १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. या नाटकांतील पदे ‘आधी शब्द, मग स्वर’ या क्रमाने निर्माण झालेली नाहीत. चाल आधी होती; ती ऐकणाऱ्यांच्या परिचयाची होती आणि नाटककाराने तिच्यावर शब्द बसविले. म्हणून पुस्तकात पदाच्या वर ती चाल कोणती हे सांगणे क्रमप्राप्त होते. नटाला आणि हौशी मंडळींना पद कसे म्हणावे हे कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

या निर्देशांचे स्वरूप एकसारखे नसते. साकी, दिंडी, अंजनीगीत असा नुसता प्रकार सांगितलेला असतो, तेव्हा ती परंपरेची सामाईक ठेव समजावी. तेथे कर्ता शोधण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी एखाद्या लावणीचे, कीर्तनातील पदाचे किंवा कानडी गीताचे आद्य शब्द असतात. किर्लोस्करांचा जन्म आणि वावर कर्नाटकाच्या सीमेवरचा असल्याने कानडी चालींचा भरणा स्वाभाविक होता. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली आणल्या आणि चालीच्या ओळीची भाषाच बदलली. मानापमानोत्तर काळात राग व ताल यांच्या जोडीला हिंदी बंदिशीचे किंवा ठुमरीचे आद्य शब्द दिसू लागतात. केवळ या ओळी कालानुक्रमे वाचल्या तरी महाराष्ट्रातील संगीताभिरुचीचा चाळीस वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. या दृष्टीने अशोक दा. रानडे यांचे रंगभूमीच्या संगीतावरील लेखन वगळता विद्यापीठीय स्तरावर झालेले काम तोकडे आहे.

‘मानापमान’ (१२ मार्च १९११) हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे गाणारे नव्हते. चाली देण्याचे काम गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्याकडे आले. टेंबे हार्मोनियमवादक होते आणि ठुमरी, दादरा, कजरी या पूरब अंगाच्या गायकीचा त्यांचा व्यासंग होता. त्यांनी त्या चाली मराठी रंगमंचावर आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द रचले. खाडिलकरांची पदे क्लिष्ट आहेत, त्यांत काव्य कमी आहे, असा आक्षेप आपण वर्गात नेहमी सांगतो. परंतु ठुमरीच्या ठरलेल्या वळणावर दीर्घ स्वर हवाच असताना तेथे कोणता मराठी शब्द बसेल, या अडचणीतून ती शब्दयोजना झाली आहे, हे सांगितल्याविना तो आक्षेप अपुरा राहतो. चालीच्या ओळीकडे दुर्लक्ष केल्याने आपण रचनाकारावर तर अन्याय करतोच, शिवाय पदकर्त्यावरही करतो.

‘स्वयंवर’ (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी चाली दिल्या. नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा गुरूंकडून मिळविलेल्या ख्यालाच्या बंदिशी त्यांनी नाट्यपदांच्या आटोपशीर साच्यात उतरविल्या. रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांनी ‘रणदुंदुभी’ (१९२७) व ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या नाटकांना दिलेल्या चाली दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर पोहोचल्या. आज मात्र श्रोता त्यांना ‘दीनानाथांची पदे’ म्हणतो, जशी ‘स्वयंवर’ची पदे ‘बालगंधर्वांची’ म्हटली जातात. बखले आणि वझे यांची नावे किमान संगीताच्या जाणकारांना ज्ञात आहेत. खरा काळोख त्यांच्याही पलीकडे सुरू होतो.

मुद्रेचा लोप

हिंदुस्थानी बंदिशीत रचनाकाराचे नाव सांगण्याची सोय मूळ रचनेतच असते. अनेक बंदिशींच्या अंतऱ्यात कर्त्याची ‘मुद्रा’ किंवा ‘छाप’ गुंफलेली असते. महंमदशहा रंगीले (राज्यकाल १७१९–१७४८) याच्या दरबारातील नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या मुद्रेने बंदिशी रचल्या. जर्मनीतील मानहाइम येथे योहान स्टामिट्झ सिंफनीला आकार देत होता, त्याच्या थोडे आधी दिल्लीत ख्यालाला आकार येत होता, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. पुढे बंदिशीच्या ठुमरीचे कर्ते ‘कदरपिया’, ‘सनदपिया’, ‘ललनपिया’ अशा मुद्रांनी ओळखले गेले. त्यांचा परिचय सामान्य श्रोत्यालाच काय, संगीताच्या पदवीधरालाही बेताचाच असतो.

आता या बंदिशीवर मराठी पद रचले जाते तेव्हा काय होते ते पाहावे. स्वर कायम राहतात, शब्द बदलतात. शब्द बदलले की अंतऱ्यातील मुद्राही जाते. ज्या एका जागी रचनाकाराने स्वतःचे नाव जपून ठेवले होते, नेमकी तीच जागा नव्या शब्दांनी भरली जाते. यात कोणाचा कपटभाव नाही. उलट, चाल कोठून घेतली हे नाटककार छापून सांगत होता, आजच्या मानाने हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखाच आहे. मात्र ही ओळ गीताचे ऋण मान्य करते, कर्त्याचे करीत नाही. कारण ती मुखड्याचे शब्द देते आणि मुद्रा तर अंतऱ्यात असते.

त्यामुळे शोधाची पद्धती उलट दिशेने जाणारी ठरते. चालीच्या ओळीतील शब्दांवरून मूळ बंदिश ओळखावयाची, ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अथवा घराण्यांच्या संग्रहांत शोधावयाची आणि अंतऱ्यात मुद्रा आहे का ते पाहावयाचे. भातखंड्यांनी दीड हजारांहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्याने हे काम शक्य कोटीत आले आहे. अडचणी अर्थातच आहेत. ब्रज भाषेतील शब्द मराठी कानांनी ऐकून छापलेले असल्याने त्यांची रूपे बदललेली असतात. एकच मुखडा दोन रागांत आढळतो. अनेक बंदिशींत मुद्राच नसते, आणि कधी मोठ्या रचनाकाराची मुद्रा घालून दुसऱ्याच कोणी बंदिश रचलेली असते. हायडनच्या नावावर खपलेली चतुष्टके येथे आठवावीत. सदारंगाच्या नावावर असलेली प्रत्येक रचना सदारंगाची असेलच असे नाही.

सुंदराबाई जाधव

या विस्मृतीचे सर्वांत बोलके उदाहरण ‘एकच प्याला’ या नाटकाचे आहे. हे नाटक रंगभूमीवर आले १९१९ मध्ये. त्याच वर्षी २३ जानेवारीस राम गणेश गडकरी यांचे निधन झाले होते. नाटकातील पदे गडकऱ्यांची नाहीत. ती वि. सी. गुर्जर यांची आहेत आणि त्यांना चाली दिल्या त्या सुंदराबाई जाधव यांनी. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. आपल्या पदव्युत्तर वर्गांत या नाटकावर अनेक तासिका होतात. सुधाकराचा अधःपात, सिंधूची सोशिकता, तळीरामाचा विनोद यांवर प्रश्न विचारले जातात. पदकर्ते गुर्जर यांचे नाव क्वचित येते. सुंदराबाईंचे येत नाही.

सुंदराबाई बैठकीच्या गायिका होत्या. लावणी, गझल, ठुमरी या प्रकारांवर त्यांचे प्रभुत्व होते. ध्वनिमुद्रिकांमुळे त्या आपल्या काळात सुपरिचित होत्या आणि मुंबई आकाशवाणीशीही त्यांचा संबंध आला. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटातील गणपत शिपायाच्या आईची त्यांची भूमिका जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात होती. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे अज्ञातवासात जगलेल्या त्या व्यक्ती नव्हेत. त्यांचे गाणे, त्यांचा अभिनय नोंदला गेला आणि त्यांची रचना तेवढी नोंदली गेली नाही. स्त्रीचा कंठ समाज ऐकून घेतो, तिचे कर्तृत्व मान्य करताना मात्र अडखळतो, हे येथे दिसते. रंगभूमीवर तर तिचा कंठही पुरुष नटाच्या कंठातूनच ऐकला गेला. सिंधूच्या आर्त पदांत बैठकीच्या गायकीचा जो भाव आहे, तो ती गायकी प्रत्यक्ष जगलेल्या एका स्त्रीने पुरविलेला आहे, हे ध्यानात घेतले तर या नाटकाचे वाचनही बदलेल. ज्या कलावंतिणींच्या तोंडून टेंब्यांसारख्यांनी ठुमऱ्या ऐकल्या, त्यांच्यापैकी कितीजणींच्या रचना अशा निनावी होऊन आपल्या रंगभूमीवर आल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

ध्वनिमुद्रिकांनी या प्रक्रियेस गती दिली. तबकडीवर गायकाचे नाव ठळक असे, नाटकाचे नाव असे, कधी राग असे. चाल देणाऱ्याला तेथे सहसा जागा नव्हती. पुस्तिकेतील चालीची ओळ तबकडीवर आलीच नाही आणि घरोघरी पोहोचली ती तबकडी.

चित्रपटसृष्टीत तर याच्या नेमके उलटे एक उदाहरण घडले. गोव्यातील माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक व वाद्यवृंद-संयोजक. भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंदरचना त्यांनी केल्या आणि १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्या सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांचा त्यांत सहभाग होता. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासह १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गीतातून गुरूचे नाव देशभर पोहोचविले. ते नाव आज लहान मुलालाही पाठ आहे. त्या नावाच्या माणसाने रचलेले संगीत ऐकलेला श्रोता मात्र शोधावा लागतो.

कर्जत-खालापूर परिसरातील साधने

हा अभ्यास पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांतच करता येईल असे नाही. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्या नाटकमंडळ्या कर्जतवरूनच ये-जा करू लागल्या. त्यांचे प्रयोग मोठ्या शहरांत होत. आपल्या तालुक्यांत त्या चाली पोहोचल्या त्या हौशी नाटकांतून, तबकड्यांतून, नंतर आकाशवाणीवरून आणि सर्वांत अधिक भजनी मंडळांतून. भजनीबुवा अभंगाला नाट्यपदाची चाल लावतात आणि वहीत अभंगाच्या वर ‘चाल’ म्हणून त्या पदाचे पहिले शब्द लिहून ठेवतात. म्हणजे ज्या पदाच्या डोक्यावर कधीकाळी बंदिशीचे शब्द होते, ते पद आता स्वतःच दुसऱ्या गीताच्या डोक्यावर चालीचा निर्देश म्हणून बसले आहे. बंदिश, नाट्यपद, अभंग अशी ही तीन पिढ्यांची वंशावळ होते. अलीकडच्या वह्यांत नाट्यपदांची जागा चित्रपटगीतांनी घेतलेली दिसते. जुन्या वह्यांचे महत्त्व त्यामुळे वाढते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना पदवी वर्गाच्या प्रकल्पकार्यातून एक नोंदसूची हाती घेता येईल. नाटकाचे नाव, आवृत्ती व वर्ष, पदाचा अनुक्रमांक, छापील राग-ताल, चालीची ओळ जशीच्या तशी, मूळ रचना सापडल्यास तिचा ठावठिकाणा आणि मुद्रा, एवढे रकाने पुरेत. आवृत्तीचा रकाना कोणत्याही परिस्थितीत वगळू नये, कारण नंतरच्या आवृत्तीतील निर्देश पहिल्या आवृत्तीशी जुळतोच असे गृहीत धरता येत नाही. चालीच्या ओळीतील शब्द अशुद्ध वाटले तरी विद्यार्थ्यांनी ते सुधारू नयेत. त्या अशुद्धतेवरूनच चाल कोणाच्या तोंडून ऐकली गेली याचा माग लागू शकतो. भजनी वह्यांची छायाचित्रे घेताना वही कोणाची, कोणत्या गावची आणि बुवा कोणाकडे शिकले हे मंडळाच्या संमतीने लिहून घ्यावे. ग्रंथालय समितीपुढे जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी येईल तेव्हा तीतील नाट्यपुस्तिका बाजूला काढून ठेवण्यास सांगणे, हे या कामातील पहिले आणि बिनखर्चाचे पाऊल आहे. समग्र वाङ्मयाचे नवे खंड कपाटात आहेत म्हणून जुनी आठ आण्यांची पुस्तिका नको, हा युक्तिवाद या बाबतीत लागू पडत नाही.